साडेतेरा षटकं, एक्कावन्न षटकं

२०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोट्या खेळणार, हे पहिला चेंडू पडायच्या आधीच जाहीर झालं होतं. मोहम्मद सिराज पाचही खेळला, १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले आणि ओव्हलवर शेवटच्या सकाळी अवघ्या सहा धावांनी सामना काढून दिला. झालं, दोन तट पडले. एक तट म्हणतो, वर्कलोड, म्हणजे गोलंदाजावरचा भार मोजणं, वगैरे सगळं थोतांड आहे. देशासाठी खेळणारा दमत नसतो. दुसरा म्हणतो, वेगवान गोलंदाज म्हणजे चिनीमातीची बरणी, जितकी कमी हाताळाल तितकी टिकेल. दुसऱ्या तटाकडे पुरावाही आहे. आदल्याच मोसमात ऑस्ट्रेलियात बुमराहने १५१.२ षटकांत ३२ बळी घेतले आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीमुळे त्याला चेंडू हातात घेता आला नाही.

दाखले दोन्ही खरे आहेत, पण दोन्ही तट एकच गोष्ट मोजतात: एकूण षटकं. कुणाला ती जास्त वाटतात, कुणाला कमी. आमचं म्हणणं असं, की हा आकडाच चुकीचा आहे. त्या षटकांआधीच्या महिन्यात शरीराला किती षटकांची सवय होती, हे कळल्याशिवाय १८५ जास्त की कमी हे सांगताच येत नाही. आणि हे दाखवायला झहीर खानच्या कारकिर्दीइतकं चांगलं उदाहरण भारतात दुसरं नाही. गोलंदाजी करून घडलेला आणि गोलंदाजी करतानाच मोडलेला, असा तो एकच माणूस आहे. २०११ मध्ये लॉर्ड्सवर तो साडेतेरा षटकांत कोसळला. २०१४ मध्ये वेलिंग्टनला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याने एकाच डावात ५१ षटकं टाकली. 'कमी टाक, टिकशील' हा नियम खरा असता, तर हे उलट व्हायला हवं होतं.

आकड्यांत त्याची कारकीर्द अशी: ९२ कसोट्या, १८,७८५ चेंडू, ३११ बळी, सरासरी ३२.९४. सरासरी पाहून कुणी भारावून जाणार नाही. पण ती दोन वेगळ्या गोलंदाजांची मिळून झालेली आहे. पहिला २००० ते २००५ मधला, दुसरा २००६ च्या उन्हाळ्यानंतरचा.

पहिला झहीर नैरोबीत दिसला, ऑक्टोबर २००० च्या नॉकआउट स्पर्धेत. स्टीव्ह वॉची यष्टी उडवणारा तो यॉर्कर अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. लांब रनअप, चेंडू सोडायच्या आधी उंच उडी, आणि मग सगळा जोर. उडी दिसायला छान होती, पण महागडी होती. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या पाच ते सात पट भार येतो. ऐंशी किलोच्या माणसासाठी हा भार चारशे ते साडेपाचशे किलोच्या घरात जातो, तोही एका पायावर, क्षणार्धात, आणि दिवसाला वीस षटकं टाकली तर १२० वेळा. उडी जितकी उंच, तितकं पडणं जड. शिवाय धावत येऊन कमावलेला वेग पुढे जायच्या ऐवजी वर जातो. मग उरलेला वेग पाठ आणि खांद्यातून ओढून काढावा लागतो. तिसऱ्या स्पेलमध्ये (स्पेल म्हणजे एका दमात टाकलेली षटकं) पाय जड झाले की उडीची वेळ चुकते आणि दिशा सुटते. फलंदाजाला ते लगेच कळतं. गोलंदाजाला कळायला दोन चौकार जावे लागतात.

२३ मार्च २००३ ला जोहान्सबर्गच्या विश्वचषक अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या, त्या दडपणामुळे गेल्या असं सगळे म्हणतात. दडपण होतंच. पण दडपणाखाली गोलंदाज काय करतो? तो जास्त जोर लावतो. आणि ज्याची शैलीच जोरावर उभी आहे, त्याने जोर वाढवला की सगळी गाडी रुळावरून घसरते. त्या दिवशी त्याने सात षटकांत ६७ धावा दिल्या. गंमत म्हणजे त्याच स्पर्धेत त्याचे १८ बळी होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिस्बेनला पहिल्या डावात ९५ धावांत पाच बळी, आणि मांडीच्या मागचा स्नायू गेला. ॲडलेडला नव्हता. मेलबर्नला पुन्हा उतरवला. मग दौरा अर्धवट टाकून परत. जखम, विश्रांती, थेट कसोटी, पुन्हा जखम, हा क्रम पुढची दोन वर्षं सुटला नाही. २००६ च्या उन्हाळ्यात तो संघाबाहेर होता. इरफान पठाण, मुनाफ पटेल, श्रीशांत, आर. पी. सिंग अशी रांग लागली होती, आणि झहीरचं नाव कुणी घेत नव्हतं.

मग वूस्टरशायर, इंग्लंडच्या देशांतर्गत क्रिकेटमधला एक काउंटी संघ. ही गोष्ट ठासून सांगायला हवी, की २००६ मध्ये तो तिथे गेला तो कुठल्याही योजनेचा भाग म्हणून नाही. संघात जागा असती तर तो गेलाच नसता. भारतीय क्रिकेटने डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचं केलेलं सर्वांत चांगलं प्रशिक्षण हे असं अपघाताने झालेलं आहे.

काउंटीत त्याने १६ सामन्यांत ७८ बळी घेतले. चेम्सफर्डला एसेक्सविरुद्ध १३८ धावांत पहिले नऊच्या नऊ त्याचे होते. दहावा मिळाला नाही. पण बळींपेक्षा तिथला दिनक्रम महत्त्वाचा. चार दिवसांचा सामना, प्रवास, एखादा मोकळा दिवस, नेटमध्ये थोडी गोलंदाजी, पुन्हा चार दिवसांचा सामना. एप्रिलच्या थंडीपासून सप्टेंबरपर्यंत हे चालतं. परदेशी खेळाडू म्हणून पैसे देऊन आणलेला माणूस असल्यामुळे कर्णधार त्याच्याकडेच चेंडू टाकतो. दमलास का, असं फारसं कुणी विचारत नाही. मऊ जमिनीवर लांब रनअप परवडत नाही, म्हणून रनअप आखूड झाला. रोज अठरा-वीस षटकं टाकायची म्हणून उंच उडी गेली. वेग थोडा कमी झाला आणि शेवटचा चेंडू पहिल्या चेंडूइतकाच नेमका पडू लागला. हे कुणी फळ्यावर लिहून शिकवलेलं नव्हतं. आठवड्याला दीड-दोनशे चेंडू टाकणाऱ्या शरीराने स्वतःहून काटकसर शोधली. दोन-दोन षटकांच्या तुकड्यांत गोलंदाजी करणाऱ्याला अशी काटकसर शोधायची गरजच पडत नाही, आणि इथेच खरी मेख आहे.

त्याचं फळ जुलै २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला दिसलं. ५९ धावांत चार, मग ७५ धावांत पाच. भारताने २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. त्या सामन्याचं नाव काढलं की लोकांना खेळपट्टीवर टाकलेल्या जेली बीनच्या गोळ्या आठवतात आणि त्याने चिडून बळी काढले असं सांगितलं जातं. चिडून यॉर्कर पडत असतील. टप्पा दिवसभर सांभाळला जात नाही. त्या सामन्यात पाहण्यासारखा होता तो डावखुऱ्या फलंदाजांना राउंड द विकेट, म्हणजे यष्टीच्या नेहमीपेक्षा दुसऱ्या बाजूने, येऊन केलेला मारा. त्या बाजूने चेंडू बाहेर जाणाऱ्या कोनात येतो, म्हणून फलंदाज बॅट आत ठेवून सोडायला जातो. टप्प्यावर तो सरळ झाला तर पायचीत, आणखी बाहेर गेला तर स्लिपमध्ये झेल. एकाच जागेवर टप्पा आणि दोन्हीकडे हालचाल. हे साधायला मनगट चेंडूच्या मागे सरळ राहावं लागतं, आणि दमलेल्या माणसाचं मनगट सर्वांत आधी वाकतं.

जुन्या चेंडूचं त्याचं काम तर त्याहून बारीक. नवा चेंडू शिवण ज्या दिशेला रोखली तिकडे, म्हणजे चकचकीत बाजूपासून दूर वळतो. चाळीसेक षटकांनंतर एक बाजू पुरेशी खरबरीत झाली आणि गोलंदाजाकडे वेग असला, तर तोच चेंडू चकचकीत बाजूकडे वळू लागतो. हाच रिव्हर्स स्विंग. चांगला फलंदाज गोलंदाज धावत येताना चकचकीत बाजू कुठे आहे ते पाहतो आणि चेंडू सुटायच्या आधीच हिशेब करतो. म्हणून झहीर उजवा हात चेंडूवर झाकून धावत यायचा आणि अगदी शेवटच्या क्षणी हात बाजूला करायचा. फलंदाजाचा अर्धा सेकंद चोरणं, बस एवढंच. पण त्यासाठी दहा जणांची शिस्त लागते. खरबरीत बाजूला घामाचा हात लागू द्यायचा नाही. चकाकी एक-दोघांनीच ठेवायची, ज्याचे हात कमी घामेजतात त्याच्याकडे चेंडू द्यायचा. सीमारेषेवरून आलेला फेकीचा चेंडू कोरड्या मातीवर आपटून यष्टिरक्षकाकडे जाऊ द्यायचा, पण पंच टोकणार नाहीत इतपतच. २०२२ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये थुंकी लावण्यावर कायमची बंदी आली, तेव्हापासून हे सगळं घामावर आहे, आणि घाम थुंकीपेक्षा पातळ, पसरतो लवकर. एका चुकलेल्या हाताने तासाभराची मेहनत वाया जाते.

आता हे शिकायचं कुठे? आयपीएलमध्ये डाव २० षटकांचा. चेंडू त्या वयाचा होतच नाही. एकदिवसीय सामन्यात दोन टोकांनी दोन नवे चेंडू आले आणि पन्नास षटकं जुना झालेला पांढरा चेंडू दिसेनासा झाला. उरते रणजी. २०२४-२५ पासून रणजीचा मोसम दोन तुकड्यांत होतो आणि मध्ये मुश्ताक अली नि विजय हजारे या मर्यादित षटकांच्या स्पर्धा. उत्तरेतलं धुकं टाळायला ते सोयीचं आहे हे मान्य. पण गोलंदाजाच्या शरीराच्या दृष्टीने पाहिलं, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कमावलेली लांब स्पेलची सवय डिसेंबरमध्ये उतरते आणि जानेवारीत एकदम चार दिवसांचा सामना समोर येतो. वेळापत्रक आखणाऱ्यांच्या कागदावर सामन्यांची संख्या तेवढीच राहिली. गोलंदाजासाठी ती तेवढी राहिली नाही.

लॉर्ड्सकडे येऊ. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. आठ वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या षटकाचं उत्तर म्हणून हा स्पेल सगळ्यांना पाठ आहे. पुढच्या पाच षटकांत ५४ धावा गेल्या, हे मात्र कुणी सांगत नाही. त्याने स्पर्धेत २१ बळी घेतले होते आणि तो दमलेला होता. विश्वचषक संपल्यावर सहाच दिवसांत आयपीएल सुरू झाली. २८ मेपर्यंत तो बंगळूरुकडून खेळत राहिला. मग वेस्ट इंडीजला गेला नाही. आणि २१ जुलैला लॉर्ड्स. शेवटची कसोटी त्याने जानेवारीत केपटाउनला खेळली होती. मधल्या साडेसहा महिन्यांत लाल चेंडूचं क्रिकेट म्हणजे टाँटनचा एक तीन दिवसांचा सराव सामना.

त्या दिवशी त्याने काय सुरेख गोलंदाजी केली! १३.३ षटकं, आठ निर्धाव, १८ धावा, दोन बळी. आणि चौदाव्या षटकाच्या मध्यावर मांडीमागचा स्नायू धरून तो बाहेर गेला. मालिका ४-० ने गेली. 'वयच झालं होतं', 'वजन वाढलं होतं', 'आयपीएलने खाल्लं' अशी कारणं तेव्हा बरीच निघाली. त्यातलं आयपीएलचं कारण लोकांना समजलं ते उलट बाजूने. आयपीएलने त्याला जास्त दमवलं असं नाही. आयपीएलमध्ये त्याने फार थोडे चेंडू टाकले.

हिशेब साधा आहे. साखळीतल्या १४ सामन्यांत प्रत्येकी चार षटकं म्हणजे ५६ षटकं, आणि ती जवळपास आठ आठवड्यांत. आठवड्याला सात षटकं, बेचाळीस चेंडू. सामन्याआधीचे आणि नेटमधले धरून आणखी साठेक पकडू. म्हणजे आठवड्याची सवय शंभर चेंडूंची. आता कसोटीचा आठवडा घ्या. पहिल्या डावात बावीस षटकं, दुसऱ्यात सोळा, म्हणजे २२८ चेंडू, आणि आदल्या दोन दिवसांत नेटमधले साठ. २८८. सवयीच्या जवळपास तिप्पट. चार आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपट झाली की फिजिओ भुवया उंचावतात. इथे तिप्पट आहे. हाच कसोटीचा आठवडा काउंटीत दोनशे चेंडूंची सवय असलेल्याला जेमतेम दीडपट पडतो. षटकं तीच, पण एकासाठी ती मेहनत असते आणि दुसऱ्यासाठी अपघात.

आणि हा अपघात लगेच दिसतोच असं नाही. स्नायू त्याच दिवशी तुटेल. हाडाचं तसं नसतं. वाढलेल्या भाराला हाड प्रतिसाद देतं ते आधी जुना भाग खाऊन आणि मग नवा बांधून. खाऊन झालंय पण बांधून व्हायचंय, अशा तीन-चार आठवड्यांच्या फटीत ते सर्वांत कच्चं असतं. त्यामुळे एखाद्या सामन्यात पन्नासच्या वर षटकं टाकली की दुखापत बऱ्याचदा पुढच्या महिन्यात उगवते, तीही अगदी साध्या सरावात. मग सगळे त्या सरावाला दोष देतात.

झहीरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. लॉर्ड्सच्या सहा-सात महिने आधी, डिसेंबर २०१० मध्ये, सेंच्युरियनची कसोटी त्याने हॅमस्ट्रिंगमुळेच, म्हणजे मांडीमागच्या स्नायूमुळेच, सोडली होती. एकदा गेलेला स्नायू पुन्हा जाण्याची शक्यता मुळातच जास्त, आणि बत्तिसाव्या वर्षी त्याहून जास्त. नीट मोजणी केली असती तर लॉर्ड्स टळलंच असतं असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण धोका कुठे आहे हे कळलं असतं, आणि निदान दुसरा गोलंदाज तयार ठेवता आला असता. त्याऐवजी शेवटच्या कसोटीत आर. पी. सिंगला ओव्हलवर थेट उतरवलं गेलं. कसोटी लयीत नसलेला माणूस थेट कसोटीत! एक चूक निस्तरायला तीच चूक पुन्हा.

उलट बाजू २०१३-१४ ची. डिसेंबर २०१२ मध्ये तो वगळला गेला. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या ब्रीव्हला, युवराजबरोबर, त्याने शरीरावर काम केलं. पण तिथून थेट कसोटी नाही. आधी ऑक्टोबरमध्ये भारत 'अ' संघाकडून वेस्ट इंडीज 'अ' विरुद्ध, मग मुंबईकडून रणजी, मग डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत दोन कसोट्या. जोहान्सबर्गला कॅलिसचा बळी घेऊन त्याने ३०० पूर्ण केले. मग फेब्रुवारीत न्यूझीलंडमध्ये दोन कसोट्या. वेलिंग्टनला मॅकलमने ३०२ केल्या. न्यूझीलंड पाच बाद ९४ वरून ६८० पर्यंत गेलं. क्षेत्ररक्षकांनी झेल टाकले, सामना हातातून गेला, आणि त्यात झहीरचं पृथक्करण ५१ षटकं, १३ निर्धाव, १७० धावा, पाच बळी. तो डाव त्याने शेवटपर्यंत ओढला. चार महिने चढत गेलेल्या ओझ्याच्या शेवटी आलेली ती ५१ षटकं होती, म्हणून ती टाकता आली. ती त्याची शेवटची कसोटी ठरली. मे महिन्यात आयपीएलमध्ये तो पुन्हा जखमी झाला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. बसवून ठेवल्याने कुणी अमर होत नाही, तसं नीट मोजूनही होत नाही.

कपिल देवचं नाव या टप्प्यावर हटकून येतं. १३१ कसोट्या, ४३४ बळी, आणि दुखापतीमुळे एकही कसोटी चुकली नाही. तो कुठलं ॲप वापरत होता? उत्तर असं, की कपिल वर्षभर गोलंदाजी करायचा, त्यामुळे त्याचा आठवडा दुसऱ्या आठवड्यापेक्षा फारसा वेगळा नसे. कपिलचं उदाहरण आमच्याच बाजूचं आहे. शिवाय त्याच पद्धतीत पाठ गमावून घरी बसलेल्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, म्हणून ती या वादात येत नाहीत.

तर मग करायचं काय? इंग्लंडमधल्या मालिकेआधी सहा आठवडे हवेत. शंभर चेंडूंच्या सवयीवरून सुरुवात: पहिल्या आठवड्यात १२०, मग १४०, तिसऱ्यात मुद्दाम खाली, शंभरच. मग १६५, १९०, २१५. आठवड्यात तीनच दिवस गोलंदाजी, पण त्यातला एक दिवस सकाळ-संध्याकाळ दोन स्पेलचा, कारण कसोटीत खरा कस दुसऱ्या स्पेलच्या पहिल्या षटकात, थंड झालेल्या अंगाने लागतो. पाचव्या आठवड्यात एक दिवस पंधरा-सोळा षटकांचा. निम्मी गोलंदाजी पन्नास षटकं जुन्या चेंडूने, आणि तीही ड्यूकच्या, म्हणजे इंग्लंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या चेंडूने. भारतात वापरल्या जाणाऱ्या एसजी चेंडूची शिवण आणि ड्यूकची लाखेसारखी चकाकी बोटांना सारखी लागत नाहीत. २०२५ मध्ये आयपीएलचा अंतिम सामना ३ जूनला झाला आणि हेडिंग्लीची कसोटी २० जूनला सुरू झाली. सतरा दिवस. सहा आठवड्यांचं काम सतरा दिवसांत बसत नाही, मग तीन कसोट्या खेळवायच्या की पाच यावर पंचायत बसते. बुमराहबाबतचा तो निर्णय आमच्या मते चूक नव्हता. पण तो रोगावरचा उपाय नव्हता, आधीच्या वेळापत्रकाची भरपाई होती. आणि सिराज टिकला म्हणून वेळापत्रक बरोबर होतं असंही ठरत नाही. हेल्मेट न घालता रोज ऑफिसला पोचणारे पुण्यात लाखो आहेत.

ज्या तीन-चार गोलंदाजांवर कसोटी संघ उभा आहे, त्यांना मे महिन्यात काउंटीत पाठवावं आणि आयपीएलचं त्यांचं नुकसान बोर्डाने भरून द्यावं. यावर फ्रँचायझी ओरडतील. ओरडू देत, बोर्डाच्या तिजोरीत तीन गोलंदाजांचे दोन महिने विकत घेण्याइतकी ताकद नक्कीच आहे. एवढी हिंमत नसेल तर दुसरा, कमी खर्चाचा मार्ग: आयपीएल चालू असतानाच, ज्या दिवशी सामना नाही त्या दिवशी या गोलंदाजांनी लाल चेंडूने दहा षटकं सलग टाकायची, आणि ती मोजली जायची. संघमालकाला त्यात दगावण्यासारखं काही नाही.

पण सगळं वरूनच सुटणार नाही, आणि महाराष्ट्रात तर प्रश्न खालीच जास्त आहे. श्रीरामपूरच्या मराठी शाळेत शिकलेला झहीर सतराव्या वर्षी मुंबईत आला, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांच्या हाताखाली, मग चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर आणि डेनिस लिली यांच्याकडे. मुंबईत जागा नव्हती म्हणून रणजी बडोद्याकडून. लेदर बॉलचं पद्धतशीर क्रिकेट त्याच्या वाट्याला उशिरा आलं, याची हळहळ व्यक्त होते. आम्हाला ते वरदान वाटतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी पाठीचे खालचे मणके पूर्ण टणक झालेले नसतात. त्या वयात रोज नेटमध्ये तासभर जोरात टाकणारा मुलगा सोळाव्या वर्षी पाठ धरून बसतो. झहीरची मांडी, घोटा, खांदा सगळं गेलं; पाठीने मात्र चौदा वर्षं साथ दिली.

इंग्लंडच्या बोर्डाने वर्षानुवर्षं एक तक्ता वापरला. १३ वर्षांपर्यंत स्पेल पाच षटकांचा, दिवसाला दहा. १५ पर्यंत सहा आणि बारा. १९ पर्यंत सात आणि अठरा. स्पेल जितका, निदान तितक्याच षटकांची विश्रांती. तक्ता पाठ करायला पाच मिनिटं लागतात. आपल्याकडे जाईल्स आणि हॅरिस शील्ड या मुंबईच्या शालेय स्पर्धांमध्ये पोरगा चांगला टाकतोय म्हणून कर्णधार त्याला एका टोकाने लावून ठेवतो आणि सर झाडाखालून माना डोलावतात. जिल्ह्यांतल्या कित्येक मैदानांवर खाली सिमेंट आणि वर खिळ्यांनी ताणलेली मॅटिंग. पुढच्या पायाचा धक्का मातीत मुरत नाही, तसाच्या तसा गुडघ्यात आणि कमरेत जातो. सामन्यातले चेंडू निदान स्कोअरबुकात असतात. नेटमधले, अकादमीतले, सोसायटीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेतले, क्लबच्या दुसऱ्या संघातले कुठेच नसतात, आणि तेच जास्त असतात.

पालकांना आणि सरांना ओळखता यावं असं एकच लक्षण सांगतो. गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, कमरेच्या वर बोटभर जागेत दुखणं. डावखुऱ्याला उजवीकडे, उजव्याला डावीकडे. मुलाला त्याच बाजूच्या एका पायावर उभं करून हलकेच मागे वाकायला सांगा. तिथेच कळ आली तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद. मलम, गरम पाण्याची पिशवी, 'स्नायू आखडलाय' हे सगळं बाजूला. साधा एक्स-रे अशा बारीक फटीला बऱ्याचदा चुकवतो. एमआरआय करावा लागतो. वेळेत सापडली तर तीन ते सहा महिने विश्रांती. उशीर झाला तर ती फट कायमची राहते.

यातल्या कुठल्याही गोष्टीला परदेशी तज्ज्ञ लागत नाही. शंभर पानी वही आणि पेन लागतं. तारीख, नेट की सामना, चेंडू किती, दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ कशी. आझाद मैदानावर शनिवारी सकाळी एकाच वेळी डझनभर सामने चालू असतात, प्रत्येकात एखादा लांब केसांचा पोरगा जिवाच्या आकांताने धावत येत असतो, आणि त्याने या आठवड्यात आतापर्यंत किती चेंडू टाकलेत हे त्याच्या सरांना विचारलं, तर सर त्यालाच विचारतात.